दहा शब्द आणि एक अर्ज

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

तळेवाडी, ता. देवगड
२६ डिसेंबर १९५५

ती. दादास,
धाकट्या कमलचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. बाबांचा खोकला आहे तसाच आहे आणि विडीही आहे तशीच आहे. म्हैस व्याली, पारडी झाली. तिचं नाव ठेवायचं राहिलं आहे, कारण नावं ठेवण्यात हुशार असलेला माणूस मुंबईला गिरणीत कापड विणायचे साचे चालवतो.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आपला कोंडीराम एकतीस तारखेच्या बोटीने निघाला आहे, त्याच्या हाती पत्र, कुळथाची पिठी आणि एक पाकीट देते. तू पिठी आधी उघडणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगते, पाकीट आधी उघड. त्यात माझा अर्ज आहे. परळच्या इस्पितळात मुलींना नर्सबाईचं शिक्षण देतात, राहायला जागाही देतात. मास्तरांनी अर्ज मागवला, माझ्याकडून भरून घेतला, सातवीचा दाखला जोडला. मुंबईतला पालक म्हणून त्यावर तुझी सही लागते, आणि अर्ज पालकाने स्वतः खिडकीवर नेऊन द्यायचा, पोस्टाने घेत नाहीत. शेवटची तारीख सोळा जानेवारी, सोमवार, संध्याकाळी पाच.

बाबा आधी नाहीच म्हणत होते. पंधरा दिवस मी त्यांच्या मागे मागे फिरले. शेवटी वैतागून म्हणाले की अर्ज लागला तर जा, नाही लागला तर येत्या वैशाखात लग्न उरकून टाकतो, मग तोंड वाकडं करायचं नाही. मी कबूल केलं. म्हणजे माझं जे काही आहे ते त्या पाकिटात आहे, दादा.

आई गेली तेव्हा तू नुकता मुंबईला गेला होतास. मी बारा वर्षांची होते आणि दाराआड उभी होते. सुईणीने हात टेकले आणि देवगडहून नर्सबाई येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती बाई मागाहून मला म्हणाली की दोन तास आधी बोलावणं आलं असतं तर आई वाचली असती. तेव्हापासून मला दुसरं काही व्हावंसं वाटलेलंच नाही.

खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांना नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी
कमल


लालबाग, मुंबई १२
६ जानेवारी १९५६

चि. कमल हिस,
अनेक आशीर्वाद.

कोंडीराम मंगळवारी पोचला. पिठी आधी उघडली, कबूल. खोलीतल्या बारा जणांनी दोन दिवसांत डबा चाटून ठेवला.

तुझा अर्ज बघितला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सहीचं काय, आत्ता करतो, आणि इस्पितळ तर खोलीपासून चालत पंधरा मिनिटं. तू निर्धास्त राहा.

आता इकडची गंमत ऐक. एका साबणाच्या कंपनीने स्पर्धा काढली आहे. ‘मी हाच साबण वापरतो, कारण’ एवढं ते लिहून देतात, पुढचे दहा शब्द आपण लिहायचे, सोबत साबणाची बारा वेष्टनं जोडायची. पहिलं बक्षीस रेडिओ. शेवटची तारीख तुझीच, सोळा. मी आख्ख्या खोलीला तो साबण लावायला लावला आहे. आमचा रघु म्हणतो की साच्याखात्यात गेलो तर आमच्यावरचा जॉबर विचारतो, अंगाला मोगऱ्याचा वास कुठून. पण वेष्टनं नऊ झाली, राहिली तीन. दहा शब्द मात्र काही जुळत नाहीत. सात जुळतात, तीन बिघडतात. साचे चालू असले की डोक्यात तेच.

आणि तो रेडिओ तू बघायला हवास. गिरगावातल्या एका दुकानाच्या काचेत ठेवला आहे, दिवसभर चालू असतो. पाळी सुटली की मी ट्रामने जाऊन बघून येतो. तू मागे लिहिलंस की मुंबईत एवढं काय आहे. सांगतो. गावात माणूस डोळे उघडल्यापासून कुणाचा तरी असतो, बाबांचा, गावकीचा, देवाचा. इथे पाळी सुटली की मी माझा. पाहिजे तिकडे बघावं, पाहिजे ते ऐकावं, कुणी विचारत नाही कुठे चाललास म्हणून. याला मी स्वातंत्र्य म्हणतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभाही रोज असतात, तिकडेही जातो अधूनमधून.

पारडीचं नाव मोगरी ठेव. बाबांना दंडवत. आठवण काढत जा, आम्हीही काढतो.

तुझा
जयवंत


तळेवाडी
११ जानेवारी १९५६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रिवाजाप्रमाणे ओटीवर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारची काकी म्हणाली की मुलगा मुंबईला गिरणीत आहे की न्हाणीत.

दादा, त्या पत्रात साबण चार वेळा आला आणि अर्ज एकदा. मी मोजलं. सही ‘आत्ता करतो’ म्हणालास, केली असं लिहिलं नाहीस. तू लहानपणी बांधावर गुरं राखायला बसायचास आणि वर घार दिसली की गुरं लोकांच्या शेतात, म्हणून मला धाकधूक. रागावू नकोस. अर्ज आधी देऊन ये, मग दहा शब्द शोध, हवे तर मी चार पाठवते.

पारडीचं नाव मोगरी ठेवलं. रेडिओ लागला तर गावी आण, देवळाच्या चौकात लावू.

अर्ज दिल्याचं एक ओळीचं कार्ड टाक. लोभ आहेच, त्यावर कार्डाचीही भर पडू दे.

तुझी
कमल


लालबाग, मुंबई
२४ जानेवारी १९५६

चि. कमल हिस,
अनेक आशीर्वाद.

मुंबईत काय झालं ते तिकडे कळलंच असेल. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हटल्यावर गिरणगाव पेटलं. गोळीबार, कर्फ्यू, आठ दिवस गिरण्या बंद. टपालही अडकलं होतं म्हणून उशीर.

कमल, कसं सांगू कळत नाही. सोमवारी दुपारी तुझा अर्ज घेऊन मी निघालो होतो. वाटेत मोठा जमाव होता, घोषणा चालल्या होत्या, मीही त्यात सामील झालो. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठी चालवली. माझ्या डाव्या दंडाला बसली. पळापळीत पाकीट हातातून गेलं आणि पायदळी तुडवलं गेलं. मी परत शोधायला गेलो तेव्हा काही उरलं नव्हतं. मुदत गेली.

माझ्या मनाला फार लागलं आहे. बाबांना तू समजावून सांग. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

जास्त लिहवत नाही. आहे तशी माया राहू दे.

जयवंत


तळेवाडी
२ फेब्रुवारी १९५६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मला पुरतं वाचवेना, तेव्हा मास्तरांनी पुढचं वाचलं. दोन दिवस मी गोठ्यात बसून रडले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तिथे घरोघरची माणसं गेली, आणि मी एका कागदासाठी रडत बसले. तू जिवंत आहेस, हात शाबूत आहे, यापुढे अर्ज केवढासा.

बाबांचं मला नवल वाटलं. आजवर तुझं नाव निघालं की मुंबैक जावन वाया गेलो असं म्हणायचे. परवा सकाळी उठून देवळात गेले, देवळाचे मानकरी गावकर, त्यांच्यापुढे नारळ ठेवला आणि तुझ्या नावाने गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गावकरांनी रवळनाथाला सांगितलं की आमचो झील मुंबयसाठी लाठी खाता हा, तेका संभाळ. सगळ्यांनी एका तोंडाने ‘होय म्हाराजा’ म्हटलं. मीही म्हटलं. बाबा डोळे पुसत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

कोंडीरामची बायको मुंबईला येते आहे, तिच्याबरोबर आंबेहळद देते. उगाळून गरम करून दंडाला लाव. रोज लाव, आळस करू नकोस.

पुढच्या वर्षीचं बाबांना मी विचारलं नाही. कबूल केलं होतं ना मी. तू जपून राहा, माया अशीच वाढती असू दे.

तुझी
कमल


तळेवाडी
१५ एप्रिल १९५६

चि. जयवंत यास,
गुणाजी परब याचे आशीर्वाद.

कमलचं लग्न ठरवलं. खारवाडीचे बाबुराव सावंत, वय अडतीस, पहिली बायको दोन वर्षांमागे वारली, बारा वर्षांची राधा नावाची एक मुलगी आहे. जमीन बरी, माणूस शांत, दारू नाही. त्यांना मागणी काही नाही. मुहूर्त पंधरा मे. मुलीला विचारलं, ती हो म्हणाली. तू दोन दिवस आधी यावं. तुझ्याबद्दल गावात चांगलं बोललं जातं, त्यामुळे स्थळ आपणहून चालून आलं हे ध्यानात ठेव. प्रकृतीस जपावं, हे आशीर्वाद.

ता.क. दादा, वरचं बाबांनी सांगितलं तसं मी लिहिलं. अक्षर ओळखलंच असशील. दंड बरा झाला का ते तू अजून कळवलं नाहीस. — कमल


लालबाग, मुंबई
५ मे १९५६

चि. कमल हिस,
अनेक आशीर्वाद.

लग्नाला येता येत नाही. रजा मिळत नाही, खात्यात माणसं कमी आहेत. रघु गावी येतो आहे, त्याच्या हाती लुगडं आणि एक आरसा पाठवला आहे. आरसा चांगला आहे, सांभाळून वापर. दंड बरा आहे.

सुखाचा संसार कर. यापेक्षा जास्त काही सुचत नाही. मनात किंतु ठेवू नकोस.

जयवंत


खारवाडी
१७ एप्रिल १९६०

ती. दादास,
कमल सावंत हिचा शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांत तू मला सहा पत्रं लिहिलीस आणि सहाही पोस्टकार्डं. आज मी लिफाफा लिहिते आहे, तेव्हा तूही लिफाफाच धाडायचा.

दादा, आपलं झालं. मुंबई मिळाली. पहिल्या मे रोजी महाराष्ट्र होणार म्हणून तळेवाडीला देवळापुढे मांडव घालताहेत. गावातून लढ्यात लाठी खाल्लेला तू एकटा, म्हणून त्या दिवशी गावकीने तुझा सत्कार ठरवला आहे. बाबांनी नवं धोतर घेतलं. आता दिसत नाही त्यांना नीट, पण काठी टेकत घरोघर सांगून आले. या खेपेला रजेचं कारण चालणार नाही.

तुला एक सांगते, हसू नकोस. या घरात मला कुणी त्रास दिला नाही. तुझे भावोजी भला माणूस, राधा माझ्या मागे मागे असते, शाळेत उशिरा घातलेली, पण यंदा सातवीला बसली आहे. तरी सुरुवातीला फार जड गेलं. विहिरीवर पाणी ओढताना मनात यायचं की आता मी परळला असते, पांढरं लुगडं नेसून, कुणाच्या तरी उशाशी. मग मी स्वतःला सांगायचे, अगं, तुझा अर्ज काही उंदरांनी खाल्ला नाही, मोठ्या कामात गेला. लोकांनी पोरं दिली, तू एक कागद दिलास. असं म्हटलं की पोहरा हलका वाटायचा. राधालाही मी हे सांगितलं आहे. ती शाळेत सांगते की आमच्या आईचाही महाराष्ट्रात वाटा आहे. म्हणून येत्या पहिल्या तारखेला मला तुझ्याशेजारी उभं राहायचं आहे, थोडं माझ्याकरताही.

ये. लोभ पत्रावर भागत नाही, माणूस दिसावा लागतो.

तुझी
कमल


लालबाग, मुंबई
२२ एप्रिल १९६०

चि. कमल हिस,
अनेक आशीर्वाद.

लिफाफा धाडतो आहे. हे पत्र एकटीने वाच.

मी सत्काराला येत नाही, कारण मी लाठी खाल्लेली नाही. सोळा जानेवारीला, सोमवारी दुपारी लालबाग शांत होतं. गडबड उसळली ती संध्याकाळी रेडिओवर बातमी आल्यावर. कुणाला विचारलंस तरी सांगेल. तिकडे कुणी विचारलं नाही, म्हणून चार वर्षं खपलं.

त्या दिवशी कोटाच्या एका खिशात तुझा अर्ज होता, दुसऱ्या खिशात बारा वेष्टनं. सही झाली होती, तेवढी मी केली होती. साडेतीनला पाळी सुटली. इस्पितळ पंधरा मिनिटांवर. पण स्पर्धेची पेटी गिरगावात होती आणि माझा दहावा शब्द मनासारखा होत नव्हता. म्हटलं आधी तिकडे जाऊन येऊ, परळ काय, घरचंच. त्या काचेपुढे उभा राहिलो. रेडिओ चालू होता, गर्दी होती, मी कागद गुडघ्यावर ठेवून शब्द खोडत होतो आणि लिहीत होतो. मान वर केली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं. परळला आलो, खिडकी बंद. मला कुणी अडवलं नव्हतं, कमल. ना बाबांनी, ना पोलिसांनी. साच्यावर हजार तारांतली एक तुटली तर मला लांबून दिसते. तुझं पाकीट तेरा दिवस माझ्या उशाशी होतं आणि माझं लक्ष नव्हतं. कंपनीने दहा शब्द मागितले, त्यांना मी तेरा दिवस दिले. तू एक सही आणि पंधरा मिनिटं मागितलीस.

गोळीबार झाला त्या आठवड्यात मी खोलीचं दार लावून बसलो होतो. मागच्या गल्लीतला आनंदा गोळी लागून गेला. त्याची आई नळावर दिसली की मी मान खाली घालतो.

याहून वाईट सांगायचं आहे. पाकीट तुडवलं गेलं नव्हतं, ते माझ्या ट्रंकेत होतं. फेब्रुवारीच्या सात तारखेला रघुने येऊन सांगितलं की गडबडीमुळे इस्पितळाने मुदत वाढवली आहे, अजून चार दिवस आहेत. मी ट्रंक उघडली. अर्ज नीट होता. पण त्याच दिवशी तुझं ते पत्र आलं होतं, नारळाचं, गाऱ्हाण्याचं, बाबांच्या डोळ्यांचं. अर्ज दिला असता तर खोटं उघडं पडलं असतं. मी चार दिवस ट्रंकेवर बसून जेवलो. पाचव्या दिवशी कुलूप लावलं. पहिल्यांदा मी वेंधळा होतो. या खेपेला मला सगळं कळत होतं.

रेडिओ मला लागला नाही. उत्तेजनार्थ म्हणून आरसा आला. लग्नात तुला पाठवला तो तोच. मागे साबणाचं नाव होतं ते मी खरवडून काढलं.

आता खोलीत रेडिओ आहे, बारा जणांनी मिळून घेतला. कुणाचं पत्र आलं तर पूर्वी सगळे भोवती बसायचे, आता ज्याचं त्याने कोपऱ्यात जाऊन वाचायचं. पाळी सुटली की मी अजूनही माझाच आहे. काय करू त्याचं, कळत नाही.

चार वर्षं हे छातीवर घेऊन फिरतो आहे. आज लिहून थोडा श्वास आला. काय वाटेल ती शिक्षा दे. लोभ मागण्याचं तोंड नाही.

तुझा भाऊ
जयवंत


खारवाडी
८ मे १९६०

दादास,
कमलचा नमस्कार.

पत्र एकटीने वाच असं तू आत लिहिलंस, पाकिटावर नाही. तू आत लिहितोस आणि मी बाहेरून ओळखायचं, असंच आहे आपलं. मुंबईचा लिफाफा म्हणून ओटीवर सगळे जमले, तुझे भावोजी, शेजारपाजार, राधा. मी फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला थांबले. मग मान वर न करता पुढचं मनाने रचून वाचलं. दादाची पाळी बदलली, साहेब सोडत नाही, मांडवाला नमस्कार सांगतो, असं बरंच. राधा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाचता येतं.

पहिल्या तारखेला तुझ्याऐवजी बाबा उभे राहिले. शाल त्यांना घातली. माझं नाव पुकारलं तेव्हा मीही गेले, कारण न जाते तर बाबांनी कारण विचारलं असतं. त्यांना मी सांगणार नाही आणि तूही सांगायचं नाही. ते आता तेवढ्यावर जगताहेत.

आरसा मी काढून ठेवलेला नाही. राधा त्यात बघून वेणी घालते, तिला दुसरा नाही.

मला राग कशाचा आला ते सांगते. दुकानाच्या काचेपुढे उभा राहिलास याचा नाही. मीही राहिले असते, मी तर मुंबई बघितलेलीच नाही. चार दिवस ट्रंकेवर बसलास याचा आहे, आणि तो जन्मभर राहील. गेल्या श्रावणात आमच्या वाडीतली रखमा बाळंतपणात अडली. मी रात्रंदिवस तिच्याजवळ होते. ती माझा हात धरून म्हणत होती की कमलताई, तू शिकलेली आहेस, काहीतरी कर. मी सातवी शिकलेली, काय करणार. ती गेली, मूलही गेलं. तेव्हाही मी स्वतःला तेच सांगितलं, की अर्ज मोठ्या कामात गेला, त्याला इलाज नव्हता. आता रखमाला मी काय सांगू.

खरं सांगायचं होतं तर तेव्हा, त्या चार दिवसांत सांगायचं. मी बाबांच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि अर्ज घेऊन पुढच्या बोटीने आले असते. आज सांगितलंस ते तुला श्वास यावा म्हणून. तुला आला. माझ्याजवळ धरायला एक गोष्ट होती, ती तू काढून नेलीस, आणि मला विचारलंही नाहीस की कमल, ठेवू की नेऊ.

शिक्षा दे म्हणतोस. मला तेवढी सवड नाही.

राधा सातवी पास झाली. परवा ती स्वतःहून म्हणाली की तिला परळला जायचं आहे. तुझ्या भावोजींना मी विचारलं, ते हो म्हणाले, फार बोलत नाहीत ते. डिसेंबरात अर्ज निघतील. तिच्यासाठी मुंबईतला पालक म्हणून मास्तरांच्या मेहुण्याची सही घेणार आहे, घोडपदेवला राहतात ते. अर्ज मात्र माझ्या हाताने खिडकीवर देणार आहे, त्यासाठी तेव्हा राधाला घेऊन बोटीने येईन. तू भाऊच्या धक्क्यावर येऊ नकोस. मुंबई माझ्या ओळखीची नाही, पण विचारत विचारत जाईन.

लोभ तुझा असेल तसा असो. माझा अजून आहे, त्याचं काय करायचं ते मी बघते आहे.

कमल